मामा धरून नऊ

आमच्या मामाइतका वेळेच्या आधी पोचणारा माणूस अख्ख्या कोकणपट्टीत, आणि मला विचाराल तर घाटावरही, दुसरा झालेला नाही. लोक लग्नाला मुहूर्ताच्या तासभर आधी जातात, मामा मांडववाल्याच्या आधी जातो. माझ्या लग्नाच्या दिवशी मांडववाला टेम्पोतून बांबू उतरवायला आला तेव्हा मामा कार्यालयाच्या पायरीवर बसलेला होता, आणि पुढचा तासभर त्याने त्या बिचाऱ्याला कुठला खांब कुठे रोवायचा ते शिकवलं. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं तेव्हा डॉक्टर दवाखान्यात शिरले आणि मामाने त्यांना "या, बसा" म्हटलं. डॉक्टर बसलेसुद्धा. कुठेही जा, तिथे मामा आधीच असायचा, आणि त्याच्या चेहऱ्यावर आपण फार उशीर केल्याचा भाव असायचा, मग आपण पंधरा मिनिटं लवकर का पोचलेलो असेना.

ह्याचं कारण त्याच्या धंद्यात होतं. मामा नाट्याचा, म्हणजे नाटे नावाच्या बंदरातला. उभा जन्म मच्छीमारीत गेला आणि त्यातली शेवटची वीस-बावीस वर्षं तो तांडेल होता, म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. भरतीचं पाणी असेल तेवढ्या वेळात होडी खाडीबाहेर काढायची असते. त्यामुळे मामा खलाशांच्या आधी दोन तास बंदरावर जाऊन बसायचा आणि एकेकाची वाट बघायचा. होडी सोडायच्या आधी माणसं मोजायची, आणि परत आल्यावर माणसं उतरली की पुन्हा मोजायची, ही त्याची रोजची पूजा. गुडघ्यांनी दगा दिला आणि मामा किनाऱ्यावर आला, पण मोजणं काही सुटलं नाही. होडी नाही तर नाही, मग तो नातेवाईक मोजायला लागला. पंगतीत, एसटीत, देवळाच्या गाभाऱ्यात, कुठेही चारापेक्षा जास्त माणसं जमली की मामाचं बोट हवेत हलू लागे आणि ओठ पुटपुटू लागत.

आता ह्या मोजण्यात एक मोठी गोम होती. मामा स्वतःला मोजत नसे. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नाचं वऱ्हाड नाट्याहून चिपळूणला चाललं होतं. हातखंब्याला चहाला बस थांबली. चहा झाला, सगळे बसमध्ये चढले आणि मामाने मोजायला सुरुवात केली. एकतीस. निघताना यादीत होते बत्तीस. मामाने ड्रायव्हरला गाडी बंद करायला लावली. मग शोध सुरू झाला. हॉटेलच्या मागे बघून झालं, पानाच्या टपरीवर विचारून झालं, हॉटेलचा भजी तळणारा माणूसही हातातला झारा टाकून आमच्याबरोबर हायवेच्या दोन्ही बाजूंनी हाका मारत फिरला. कोणाला हाका मारायच्या हे कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण ज्याचं नाव घ्यावं तो तिथेच होता. नवरदेव घाम पुसत होता. अर्ध्या तासाने आई खिडकीतून म्हणाली, "दादा, तू स्वतःला धरलंस काय?" मामाचं बोट एकदा स्वतःकडे वळलं. पण तो खजील होईल तर शपथ. "तांडेलान स्वतःला कशाला मोजायचा?" तो म्हणाला. "तो तर असतोच."

तिसरी गोष्ट नारळाची. आमच्याकडे कुठल्याही नव्या जागी मुक्काम करायचा तर त्या जागेच्या राखणदाराला, म्हणजे जागेवाल्याला, नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. म्हणजे त्याला मोठ्याने सांगायचं की बाबा, आम्ही अमके अमके तुझ्या हद्दीत आलो आहोत, आमच्यावर नजर ठेव. आणि प्रत्येक वाक्यामागे बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. हे घरातलं वडील माणूस करतं. पण आमच्यात बाकीच्यांना कंटाळा, आणि मामाला उत्साह, त्यामुळे हे खातं कायमचं त्याच्याकडे गेलं. मी पुण्याला सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला तेव्हा मामा म्हणाला की सातव्या मजल्यावर जागा कसली, जागा खाली. म्हणून त्याने पार्किंगमध्ये, लिफ्टच्या शेजारी, नारळ ठेवला आणि जोरात सुरुवात केली. पार्किंगमध्ये आवाज घुमतो. सोसायटीचे चेअरमन गाडी पुसत होते, ते घाबरून जवळ आले, आणि दोन वाक्यांनंतर तेही हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणू लागले. माझी बायको तोंडाला पदर लावून हसत होती. मी मात्र लिफ्टचं बटण पुन्हा पुन्हा दाबत होतो.

कारण खरं सांगायचं तर मला मामाची लाज वाटायची. हे वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली आहेत. लहानपणी मे महिन्यात त्याच्या खांद्यावर बसून मी बंदरभर हिंडलो आहे, माशाचा काटा घशात अडकला तेव्हा त्यानेच भाताचा गोळा गिळायला लावला आहे, पोहायला त्यानेच शिकवलं आहे, म्हणजे होडीतून ढकललं आहे. पण पुण्याला कॉलेजात गेलो आणि मामा होस्टेलवर सुक्या बांगड्यांचं पुडकं घेऊन आला, अर्थातच मी सांगितलेल्या वेळेच्या तीन तास आधी, तेव्हा माझ्या खोलीतल्या मुलांनी नाकं दाबली आणि विचारलं, हे कोण. मी म्हणालो, गावचे आहेत. मामा तिथेच उभा होता. त्याने मान हलवली आणि म्हणाला की हो, गावचाच. ते मी विसरलो होतो, म्हणजे विसरलो आहे अशी माझी समजूत होती.

मागच्या वर्षी माझ्या मुलीचं लग्न ठरलं. साखरपुड्याआधी दोन्ही घरांनी दोन दिवस एकत्र घालवावे, म्हणजे ओळख होईल, असं ठरलं आणि जागा निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी रत्नागिरीपासून अर्ध्या तासावरचं एक रिसॉर्ट काढलं. समुद्र समोर, सुरूची झाडं, चिऱ्याच्या खोल्या, स्विमिंग पूल, सगळं. आमच्याकडचे आणि त्यांच्याकडचे मिळून नऊ जण. मी आणि बायको पुण्याहून गाडीने, व्याही आणि विहीणबाई आमच्याच गाडीत. आई, माझा भाऊ आणि मुंबईला नोकरी करणारी माझी मुलगी रेल्वेने. होणारे जावई बेंगळुरूहून गोव्यापर्यंत विमानाने आणि तिथून टॅक्सीने. आणि मामा नाट्याहून. मामाशिवाय नातीचं काही ठरायचं नाही, असं आईने बजावलं होतं आणि ते मलाही मान्य होतं. फक्त मी मामाला फोन करून तीनतीनदा सांगितलं की एक वाजल्याशिवाय खोल्या मिळत नाहीत, त्यामुळे एकच्या आधी येऊ नकोस.

मामाला ते वेगवेगळं येणं पटलंच नाही. एकाच घरातली माणसं तीन वाटांनी कशाला, त्याने फोनवर विचारलं, एकच मोठी गाडी करा नि सगळी एकदम या. मी त्याला समजावलं की मुंबई, पुणे आणि बेंगळुरू एका गाडीत बसत नाहीत. मग त्याने कोण कुठल्या गाडीत, किती वाजता निघणार, ते सगळं लिहून घेतलं. शेवटी त्याने व्याही मासे खातात काय, असं विचारलं. मी म्हणालो, अजिबात नाही, ते शुद्ध शाकाहारी, तू काही आणू नकोस. बरं, म्हणाला.

व्याही म्हणजे निवृत्त प्राचार्य, मोजकं बोलणारे. विहीणबाई टापटिपीच्या, गाडीत बसताना सीटवर स्वतःचा पांढराशुभ्र नॅपकिन अंथरणाऱ्या. दोघंही सज्जन. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात त्यांचा दोष शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न करून पाहिला आहे आणि मला तो सापडलेला नाही. आम्ही आंबा घाट उतरत होतो. वाजले असतील साडेदहा. मी व्याह्यांना माझ्या ऑफिसबद्दल काहीतरी सांगत होतो, आपलं स्वतःचंच कौतुक, आणि गाडीचा फोन वाजला. हल्लीच्या गाड्यांमध्ये फोन गाडीच्याच स्पीकरवर वाजतो आणि चौघांनाही ऐकू येतो. रिसॉर्टच्या रिसेप्शनवरची मुलगी होती.

"सर, तुमच्या बुकिंगचं म्हणून एक आजोबा सकाळी आठपासून येऊन बसलेत. लॉबीत माशांची टोपली आहे, बाकीच्या गेस्टना वास येतोय. आणि त्यांना आमच्या गेटजवळ नारळ ठेवून काहीतरी ओरडायचंय. नाव विचारलं तर म्हणतात, मामा आलाय म्हणून सांगा. लिस्टमध्ये मामा असं कोणी नाहीये, आणि त्यांच्याकडे ओळखपत्रही नाहीये. ते तुमचे कोणी आहेत का सर?"

लिस्टमध्ये मामाचं पूर्ण नाव होतं. मीच टाइप केलं होतं. मला फक्त एक शब्द बोलायचा होता. पण मागच्या सीटवर विहीणबाईंनी नॅपकिन सारखा केला, निदान मला तसं वाटलं, आणि मला टोपलीतून लॉबीच्या फरशीवर गळणारं पाणी दिसायला लागलं, गुडघ्यापर्यंत दुमडलेली मामाची पँट दिसायला लागली, आणि माझ्या तोंडातून निघालं, "ते सामान घेऊन आलेत. त्यांना ड्रायव्हर लोक बसतात तिथे बसवा. मी आलो की बघतो."

फोन बंद झाला. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मग ती रस्त्याकडे बघत राहिली. व्याही म्हणाले की घाट मोठा सुंदर आहे. मी म्हणालो, हो, पावसाळ्यात तर फारच.

रिसॉर्टला पोचायला आम्हाला एक वाजून गेला. वाटेत मी मनातल्या मनात चांगली भाषणं तयार केली होती. गेलो की पहिल्यांदा मामाला भेटायचं, व्याह्यांशी ओळख करून द्यायची, रिसेप्शनवाल्यांचा गैरसमज झाला म्हणायचं आणि विषय संपवायचा. गाडी आत शिरली. गेटच्या डाव्या हाताला पत्र्याची शेड होती, तिच्यात बाकावर दोन-तीन ड्रायव्हर पत्ते खेळत होते, आणि त्यांच्या शेजारी मामा बसलेला होता. पायाशी टोपली, तिच्यावर ओलं गोणपाट. मांडीवर एक स्वच्छ कापडी पिशवी. गाडी दिसताच तो उठला. मी काच खाली केली. मामाने आधी गाडीत वाकून पाहिलं, त्याचे ओठ हलले, एक दोन तीन चार, आणि मग त्याने मागच्या सीटवरच्या दोघांकडे बघून सलाम केला आणि मला म्हणाला, "साहेब, सामान उतरू काय?"

मी नाही म्हणायला हवं होतं. खाली उतरून त्याच्या पाया पडायला हवं होतं. मी म्हणालो, "असू दे, रिसॉर्टची माणसं आहेत." आणि गाडी पुढे घेतली.

तरीही मामाने डिकीतल्या विहीणबाईंच्या दोन बॅगा उचलून लॉबीपर्यंत आणल्या. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, गुडघ्यांनी कामातून गेलेल्या माणसाने. विहीणबाई म्हणाल्या, अहो, ते म्हातारे आहेत, त्यांना का लावताय. मामा म्हणाला की ताई, सवय हाय. रिसेप्शनच्या मुलीने माझ्यासमोर फॉर्म ठेवला. नाव, पत्ता, येण्याचं कारण, एकूण व्यक्ती. ती म्हणाली की सर, ओळखपत्रं आल्याशिवाय बाकीच्या खोल्यांच्या चाव्या देता येणार नाहीत, पण आत्ता एकूण आकडा लिहा. मी पेन घेतलं आणि आठ लिहिलं. नऊ लिहिलं असतं तर नववा कोण ते सांगावं लागलं असतं. माझ्या मागे बॅगा घेऊन मामा उभा होता. त्याला लिहितावाचता फारसं येत नाही, पण आकडे येतात. आकडे न येणारा तांडेल होत नाही. त्याने फॉर्मकडे बघितलं आणि अगदी हळू, मला एकट्यालाच ऐकू येईल असं म्हणाला, "बरोबर हाय. आठच." आणि तो शेडकडे परत गेला.

पुढचे दोन तास कसे काढले हे मला अजून नीट सांगता येत नाही. जेवण झालं. व्याही आणि मी समुद्राकडे तोंड करून खुर्च्या टाकून बसलो. बायको तेवढ्यात कुठेशी गेली आणि बऱ्याच वेळाने आली. ती शेडमध्ये ताट घेऊन गेली होती हे मला नंतर कळलं. मामा जेवला आणि त्याने तिला परत पाठवलं. आत चला म्हणून तिने खूप आग्रह केला, पण तो म्हणाला की आता नको पोरी, त्याला माझ्यामुळं पेच पडेल. दोन तासांत मी कमीत कमी दहा वेळा उठायचं ठरवलं. दर वेळी वाटायचं की आता सांगायला उशीर झाला, आता सांगितलं तर आधी का नाही सांगितलं हेही सांगावं लागेल. लाज वाटली म्हणून खोटं बोललो, आणि आता खोटं बोललो म्हणून लाज वाटत होती.

तीनच्या सुमारास स्टेशनवरून रिक्षा आली. आई उतरली ती लॉबीकडे वळलीच नाही. शेड तिला गेटातूनच दिसली असणार. "दादा, तू हय काय करतंस बसून?" असं म्हणत ती तरातरा तिकडे गेली, मागोमाग माझी मुलगी मामाआजोबा, मामाआजोबा ओरडत धावली आणि तिने त्याच्या गळ्यात हात टाकले. आम्ही खुर्च्यांवरून उठलो. व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मामाआजोबा हा शब्द साऱ्या आवारात ऐकू गेला होता.

आता सगळं उघडं पडणार होतं आणि मला जवळजवळ बरंच वाटलं. पण मामा उठला, मुलीच्या खांद्यावर हात ठेवून आमच्याकडे आला आणि व्याह्यांसमोर हात जोडून मोठमोठ्याने हसायला लागला. म्हणाला की आमच्यात पावण्यांची गंमत करायची पद्धत हाय. मुलीकडचा मामा आधी हमाल होऊन येतो, पावण्यांच्या बॅगा उचलतो, आणि पावणे त्याला कसं वागवतात ते बघून पास-नापास ठरवतो. "ताई पास," त्याने विहीणबाईंकडे हात करून सांगितलं. "म्हाताऱ्याला का लावताय म्हणाल्या. पैला नंबर."

अशी पद्धत आमच्यात नाही. कोकणात कुठेच नाही. त्याने ती त्या शेडमध्ये पत्ते खेळणाऱ्या ड्रायव्हरांशेजारी बसून माझ्यासाठी तयार केली होती. विहीणबाई आधी चकित झाल्या आणि मग इतक्या हसल्या की त्यांना नॅपकिन डोळ्यांना लावावा लागला. माझी मुलगी हसली, भाऊ हसला. आई हसली नाही, ती माझ्याकडे बघत राहिली. मग मामाने मघाशी मांडीवर धरलेली ती कापडी पिशवी विहीणबाईंच्या हातात दिली. आंबापोळी, फणसपोळी आणि कोकमं. म्हणाला की मासळी आमच्या माणसांची, ही तुमची. टोपली डाव्या हातात नि ही उजव्या हातात, नाट्यापासून दोन गाड्या बदलल्या, पण एकमेकांना लागू दिली नाय. पिशवीसुद्धा नवी हाय. मला फोनवर बरं म्हणाला होता तेव्हाच त्याने हे ठरवलं असणार.

संध्याकाळी जावईही पोचले. रिसेप्शनच्या मुलीने फॉर्मवरचा माझा आठ खोडून वेगळ्या पेनने नऊ लिहिला आणि त्याच्यापुढे माझी छोटी सही घेतली. मी सही करून बाहेर आलो तर गेटाशी, भिंतीच्या कोपऱ्यात, नारळ ठेवलेला दिसला. शेजारी जागेवाल्यासाठी एक विडी. वॉचमन साधारण माझ्याच वयाचा, इकडचाच होता. मी विचारायच्या आधीच तो सांगायला लागला. आजोबांनी सकाळीच गाऱ्हाणं घातलं. रिसेप्शनच्या मॅडमनी त्यांना लॉबीतून बाहेर आणलं त्यानंतर. मी विचारलं, मॅडम त्यांना काय म्हणाल्या. तो जरा घुटमळला. मॅडम म्हणाल्या की साहेबांचा निरोप आहे, तुम्ही सामान घेऊन आलात तर तुम्हाला शेडमध्ये बसवायचं. आजोबा म्हणाले बरोबर हाय, सामानच आणलाय. मग टोपली उचलून इथं आले आणि मला म्हणाले, "माझी माणसा अजून वाटेत हत. पाठीमागं व्हय म्हाराजा म्हणणारा कोण नाय. तू म्हणशील काय?"

"मग मी म्हटलं," वॉचमन म्हणाला. "आठ नावं घेतली त्यांनी. कोण रेल्वेत, कोण विमानात, कोण घाटात, सगळं जागेवाल्याला सांगितलं. घाट उतरणारा जो हाय त्याच्याकडं जरा जास्त बघ म्हणाले, गाडी चालवताना तो बोलतो फार. तुमचं नाव पैलं होतं साहेब."

मी नारळाकडे बघत उभा राहिलो. साडेदहाला मी घाटात जे बोललो त्यानंतर मामाने हे गाऱ्हाणं घातलं होतं. आधी नव्हे, नंतर. मला रडू आलं. एका परक्या माणसासमोर, रिसॉर्टच्या गेटावर, पन्नाशी उलटलेला मी चक्क रडलो. वॉचमन शहाणा होता, तो दुसरीकडे बघत राहिला. त्याच संध्याकाळी मी मामाला पुळणीवर गाठलं आणि म्हणालो, मामा, मी सकाळी फोनवर... तर त्याने मला पुढे बोलूच दिलं नाही. म्हणाला, ओहोटी बघ किती लांब गेलीय. आम्ही दोघं ओहोटी बघत राहिलो. माफी मागायची राहिली ती राहिलीच.

मामाने ती गोष्ट पुन्हा कधी काढली नाही. आईने मला एकदाच विचारलं, ती गंमत कोणी ठरवली होती म्हणून, आणि मी उठून बाहेर गेलो तेव्हा तिने परत विचारलं नाही. मामा आजही येतो, मोजतो, नारळ ठेवतो, विहीणबाईंना दर महिन्याला आठवणीने फोन करतो, त्या त्याला भाऊ म्हणतात. एकच गोष्ट बदलली आहे, आणि ती माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आली आहे की नाही मला ठाऊक नाही. मामा आता आधी येत नाही.

मुलीचं लग्न रत्नागिरीतच झालं. मी सकाळी सहाला कार्यालयावर गेलो, मामा पायरीवर असेल म्हणून. पायरी मोकळी होती. मांडववाला आला, वाजंत्री आली, व्याही आले, आई येऊन बसली. नऊ वाजता मामाचा फोन आला. "सगळी पोचली काय रे? नीट मोजलास?" मी म्हणालो की मोजली, सगळी आहेत. "मग मी निघतो," तो म्हणाला. प्रत्येक वेळी आता असंच असतं. बारशाला, पूजेला, आईच्या दवाखान्यातसुद्धा. आम्ही सगळे पोचल्याची खात्री करून, सगळ्यांच्या शेवटी तो येतो, म्हणजे तू कोण असं त्याला दारात विचारणारं कोणी उरत नाही. ये, आधी ये, असं मी त्याला अजून म्हणू शकलेलो नाही. ते म्हणायचं तर का, तेही म्हणावं लागेल.

म्हणून मी गेटावर जाऊन उभा राहतो. लग्नाच्या दिवशीही उभा होतो, फेटा बांधून, मुलीचा बाप असून. आतून तीन वेळा बोलावणं आलं. कार्यालयाच्या वॉचमनने विचारलं की साहेब, सगळे तर आत गेले, आता कोण यायचंय.

"माझा मामा यायचाय," मी म्हणालो. गरजेपेक्षा जरा मोठ्यानेच म्हणालो असेन, कारण रस्त्यापलीकडच्या दुकानातल्या दोघांनी वळून पाहिलं. वॉचमनने मला बसायला स्वतःची खुर्ची पुढे केली. मी नको म्हटलं आणि रिक्षा दिसेपर्यंत उभाच राहिलो.